एरोस्पेस मिळालं नाही? मुंबईतून अंतराळ क्षेत्रात जायची वाट

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या याद्या लागल्या की आमच्याकडे कुणाचा तरी फोन येतोच. "अरे, पोराला मेकॅनिकल मिळालं. त्याला इस्रोत जायचं होतं. आता काय करायचं?" विचारणाऱ्याचा सूर असा, की शेवटची कर्जत लोकल सुटली आणि पोरगं प्लॅटफॉर्मवर उभं आहे.

गाडी सुटलेली नाही. इस्रोच्या 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' या पदाची जाहिरात काढून बघा. बहुतेक जागा इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर या तीन शाखांच्याच असतात. सिव्हिल, इलेक्ट्रिकल, रेफ्रिजरेशन यांच्याही अधूनमधून निघतात. मी स्वतः मेकॅनिकलचा, मुंबई विद्यापीठाचा, एक केटी सोडवून पास झालेला. आज रॉकेटचे भाग मशिनिंग करणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीचं काम करतो आणि नव्या मुलांच्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडे बसतो. त्या खुर्चीतून जे दिसतं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

पायरी १ : 'स्पेस' नको, एक उपप्रणाली निवडा

मुलाखतीत मी पहिल्यांदा विचारतो, "नेमकं काय करायचंय?" उत्तर येतं, "सर, स्पेसमध्ये काम करायचंय." हॉस्पिटलात जाऊन "मला पेशंट बरे करायचेत" म्हणण्यासारखंच हे झालं. हाडांचे की डोळ्यांचे?

एका उपग्रहात सात-आठ वेगवेगळे धंदे एकत्र नांदतात. सांगाडा असतो, उष्णतेचा हिशेब असतो, सौर पॅनल आणि बॅटरी असते, रेडिओ असतो, दिशा सांभाळणारी यंत्रणा असते, थ्रस्टर असतो, या सगळ्यांवर नजर ठेवणारा कॉम्प्युटर असतो आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो पेलोड असतो. मेकॅनिकलवाल्यांना सांगाडा, उष्णता, प्रॉपल्शन आणि उघडझाप करणाऱ्या यंत्रणा जवळच्या. ईएक्सटीसीवाल्यांना (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) रेडिओ आणि अँटेना. कॉम्प्युटरवाल्यांना फ्लाइट सॉफ्टवेअर, ग्राउंड स्टेशन आणि उपग्रहाकडून आलेल्या डेटावरचं काम. केमिकलवाले स्वतःला या खेळातले समजतच नाहीत, आणि इकडे इंधनाच्या कामाला माणसं हवी असतात.

निवड कशी करायची? आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'प्रथम' आणि पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा 'स्वयम्' या दोन उपग्रहांबद्दल मिळेल ते वाचा. 'प्रथम' सुमारे १० किलोचा, २६ सप्टेंबर २०१६ ला पीएसएलव्ही-सी३५ वरून गेला. 'स्वयम्' जेमतेम एक किलोचा, त्याच वर्षी २२ जूनला पीएसएलव्ही-सी३४ वरून. 'प्रथम' मोठा, म्हणून त्यात जास्त यंत्रणा. 'स्वयम्'ने दिशा राखायला लोहचुंबक वापरला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी होकायंत्रासारखं जुळवून घ्यायचं आणि वीज खर्च करायची नाही. हे वाचताना कुठल्या भागावर तुम्ही पान न उलटता थांबलात, ते लक्षात ठेवा. पहिल्या दोन वर्षांसाठी तीच तुमची उपप्रणाली. पुढे बदलली तरी बिघडत नाही.

पायरी २ : गुणांचा हिशेब पहिल्याच वर्षी

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून पटकन उरकतो. इस्रोच्या एससी पदासाठी पदवीला एकूण ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए लागतो. इंटर्नशिपच्या योजनेसाठी ६० टक्के किंवा ६.३२. पहिल्या वर्षी गणितात ५.५ आला, की तो भरून काढायला पुढची सहा सेमिस्टर जातात. "नंतर बघू" म्हणणाऱ्यांच्या हाती शेवटी ६.७ येतो, आणि त्या एवढ्याशा फरकापायी अर्जच भरता येत नाही. खासगी कंपन्या पॉइंटरवर एवढं अडत नाहीत, पण दोन्ही दारं उघडी ठेवायची असतील तर सात हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

गुणांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विषय. माझ्या पहिल्या मोठ्या मुलाखतीत पॅनेलवरच्या एका गृहस्थांनी खिशातून एम६ चा बोल्ट काढून टेबलावर ठेवला. "हा किती टाइट कराल?" मी म्हणालो, "फुल टाइट." कुणी हसलं नाही, त्यामुळे जास्त लाज वाटली. बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग असते. पान्याने लावलेल्या टॉर्कपैकी बराचसा घर्षणातच जातो, त्यामुळे आट्यांना वंगण आहे की नाही यावर आतला ताण बदलतो. ताण कमी पडला तर रॉकेटच्या हादऱ्यांत जोड सुटतो, जास्त झाला तर बोल्ट तुटतो. हे सगळं मशीन डिझाइनच्या पुस्तकात होतं. मी ते 'इम्पॉर्टंट क्वेश्चन्स'च्या झेरॉक्समधून वाचलं होतं, आणि त्या झेरॉक्समध्ये हा प्रश्न नव्हता.

पायरी ३ : हाताने काहीतरी बनवा, मोजा, आणि का चुकलं ते लिहा

या लेखातली हीच पायरी सगळ्यात मोठी आहे, कारण मुलाखतीत मुलं इथेच उठून दिसतात. ऑनलाइन कोर्सची दहा सर्टिफिकेटं आम्ही बघून बाजूला ठेवतो. पण "मी हे बनवलं, गणिताने २७ आलं, मोजलं तर २४ आलं, आणि फरक या कारणाने पडला" असं कुणी म्हणालं, की खुर्च्या पुढे सरकतात.

तीन शाखांसाठी तीन प्रयोग देतो. तिन्ही मुंबईत, घरच्या घरी किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होतात.

मेकॅनिकलवाल्यांसाठी : ३ मिलिमीटर जाड, २५ मिलिमीटर रुंद अॅल्युमिनियमची पट्टी घ्या. एक टोक वर्कशॉपच्या बेंच व्हाइसमध्ये असं आवळा, की ३०० मिलिमीटर बाहेर राहील. कँटिलिव्हरच्या सूत्राने तिची पहिली नैसर्गिक वारंवारता काढा. सुमारे २७ हर्ट्‌झ यायला हवी. मग टोकाला एमपीयू-६०५० हा हादरे मोजणारा छोटा सेन्सर चिकटवा, आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डला जोडा, पट्टीला टिचकी मारा आणि डेटाचं एफएफटी काढा, म्हणजे त्यातल्या वारंवारता वेगळ्या करा. आकडा २७ पेक्षा कमी येईल. का? पट्टीचं वजन साधारण ६० ग्रॅम असलं, तरी कंपनात तिच्या टोकाशी 'जाणवणारं' वजन त्याच्या पावपटच. म्हणून सेन्सर आणि वायरींचे दोन-तीन ग्रॅमही आकडा दोन हर्ट्‌झने खाली ओढतात. शिवाय व्हाइसची पकड पुस्तकातल्यासारखी पूर्ण घट्ट नसते. आता हेच एफईएममध्ये, म्हणजे भागाचे छोटे तुकडे करून कॉम्प्युटरवर गणित मांडण्याच्या पद्धतीने करा, सेन्सरचं वजन धरून आणि न धरता. तीन आकडे एका पानावर मांडा. उपग्रहाची व्हायब्रेशन टेस्ट करणारे लोक रोज हेच करतात, फक्त त्यांची पट्टी महाग असते.

सोबत एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कॉलेजात हीट सिंकवर पंखा बसवायला शिकवतात. निर्वातात हवाच नाही, तिथे पंखा शोभेलाच. उष्णता जायची ती धातूतून वाहत किंवा प्रारणाने. साधारण ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो, म्हणजे दिवसातून पंधरा-सोळा वेळा ऊन-सावली. प्रत्येक जोड, प्रत्येक सोल्डर तेवढ्या वेळा तापतो आणि गार होतो.

ईएक्सटीसीवाल्यांसाठी : गच्चीवरून उपग्रहाचं चित्र पकडा. लॅमिंग्टन रोडला जाऊन, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-दहा मिनिटं, कोअॅक्स केबल, कनेक्टर आणि टर्मिनल ब्लॉक घ्या. लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसिव्हर, म्हणजे आरटीएल-एसडीआर डोंगल, काही हजारांत मिळतो. अस्सल कुठला आणि नकली कुठला, ते दुकानात नीट बघून घ्या. अॅल्युमिनियमच्या दोन सळया प्रत्येकी ५३.४ सेंटिमीटर कापा आणि त्यांच्यात १२० अंशांचा कोन ठेवून आडव्या बसवा. हा झाला व्ही-डायपोल. त्याचं तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे ठेवा, कारण ध्रुवांवरून फिरणारे हवामान उपग्रह त्याच दिशेने जातात.

इथे एक सावधगिरी. जुने व्हिडिओ तुम्हाला अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेचे उपग्रह पकडायला सांगतील. नोआ-१५, १८ आणि १९ हे तिन्ही २०२५ मध्ये बंद केले गेले. गच्चीवर तास न्‌ तास बसाल आणि खरखर ऐकाल. त्याऐवजी रशियाच्या मिटिऑर-एम मालिकेतले उपग्रह १३७.९ मेगाहर्ट्‌झच्या आसपास शोधा आणि सॅटडंप या मोफत सॉफ्टवेअरने चित्र उलगडा.

चित्र आलं म्हणजे प्रयोग संपला नाही, इथून तो सुरू होतो. उपग्रह सुमारे ८२० किलोमीटर उंचीवर. डोक्यावर असताना सिग्नलची वाटेतली घट सुमारे १३३ डेसिबल. क्षितिजावर असताना अंतर ३३०० किलोमीटरवर जातं आणि घट १४५ च्या पुढे. म्हणजे १२ डेसिबलचा, शक्तीत सोळापट फरक. तुमच्या चित्राच्या कडा का फाटतात, ते या एका आकड्यात आहे. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना वारंवारता तीनेक किलोहर्ट्‌झने सरकते, तोही आलेख काढा. आणि मुंबईत असल्यामुळे एक फुकटचा धडा मिळतो : एफएमची टॉवरं, शेजारच्या इमारतीचे एलईडी दिवे, लिफ्टची मोटर, सगळं तुमच्या रिसिव्हरमध्ये घुसतं. फिल्टर लावण्याआधीचा आणि नंतरचा स्पेक्ट्रम शेजारी शेजारी ठेवा. गच्चीची चावी सेक्रेटरींकडून मिळवणं ही या प्रकल्पातली सगळ्यात अवघड पायरी असू शकते. चित्राची प्रिंट त्यांनाच भेट द्या, पुढच्या वेळी चावी स्वतःहून येते.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी : ठाण्याची खाडी. युरोपच्या कोपर्निकस या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून सेंटिनेल-२ या उपग्रहांची छायाचित्रं मोफत मिळतात, एक पिक्सेल १० मीटरचा. जवळच्या अवरक्त आणि लाल पट्ट्यांतला फरक भागिले त्यांची बेरीज, हा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक. खारफुटीत तो जास्त येतो, चिखलात कमी. सलग पाच-सहा वर्षांच्या जानेवारीतली चित्रं घेऊन ऐरोलीपासून शिवडीपर्यंत खारफुटी कुठे वाढली, कुठे घटली ते काढा. पायथॉन आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

बहुतेक मुलं यात एका ठिकाणी फसतात. उपग्रह सकाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमारास जातो, पण त्या वेळी भरती होती की ओहोटी, हे रोज वेगळं. ओहोटीला उघडा पडलेला चिखल आणि भरतीला पाण्याखाली गेलेली कड, यांतून "खारफुटी घटली" असा खोटा निष्कर्ष निघतो. भरतीचं वेळापत्रक शेजारी ठेवून एकसारख्या पाण्याची चित्रं निवडा. पावसाळ्यात ढगांमुळे काहीच दिसत नाही, तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार वापरा. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हाही रडारचाच उपग्रह आहे, त्यामुळे रडारचा डेटा वाचता येणारी माणसं पुढे लागणार आहेत. अंतराळ क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या रॉकेटच्या नसून या डेटाच्या असतात, आणि त्या विमा कंपन्या, शेती, बंदरं, हवामान यांच्याशी जोडलेल्या असतात. त्यासाठी मुंबई सोडावी लागेलच असं नाही. पाया घालायला इस्रोच्या डेहराडूनच्या आयआयआरएस या संस्थेचे मोफत ऑनलाइन कोर्स आहेत. वर सर्टिफिकेटांना नावं ठेवली, पण हे कोर्स करा. कोर्स झाल्यावर खाडी करा.

पायरी ४ : टीममध्ये शिरा, आणि कंटाळवाणं काम मागून घ्या

तुमच्या कॉलेजात रोव्हर, रॉकेट, सॅटेलाइट, एरोमॉडेलिंग असं काहीही असेल तर पहिल्याच वर्षी जा. सायनच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा 'बिलीफसॅट-०' हा हॅम रेडिओचा पेलोड १ जानेवारी २०२४ ला पीएसएलव्ही-सी५८ वरून गेला. अॅमिटी विद्यापीठाच्या मुंबई शाखेचा पालकाच्या पेशींवरचा प्रयोग ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० वरून गेला. दोन्ही स्वतंत्र उपग्रह नव्हते. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर टाकून देण्याऐवजी इस्रो तोच कक्षेत फिरती प्रयोगशाळा म्हणून वापरते. तिला 'पोएम' म्हणतात. सांगाडा, वीज, दिशा यांची सोय तिथे आधीच असते. आपण फक्त प्रयोगाचा डबा द्यायचा. कॉलेजसाठी स्वतंत्र उपग्रहापेक्षा ही वाट कितीतरी सोपी. प्रस्ताव अहमदाबादच्या इन-स्पेस या सरकारी संस्थेमार्फत जातात. इन-स्पेस कॅनसॅट (डब्याएवढा नमुना उपग्रह) आणि मॉडेल रॉकेटच्या स्पर्धांमागेही असते, तिच्या घोषणांवर लक्ष ठेवा.

टीममध्ये सगळ्यांना 'डिझाइन' हवं असतं. तुम्ही टेस्टिंग आणि डॉक्युमेंटेशन मागा. 'प्रथम'ची कल्पना २००७ ची आणि उड्डाण २०१६ चं. मधल्या काळात बॅचेसच्या बॅचेस पास होऊन गेल्या. आधीच्या मुलांनी काय ठरवलं आणि का ठरवलं, हे कागदावर नसतं तर दर दोन वर्षांनी पुन्हा श्रीगणेशा करावा लागला असता. आमच्या धंद्यात पार्टइतकाच त्याचा कागद महत्त्वाचा. धातूच्या बॅचचा नंबर नसेल तर मिलिमीटरच्या शतांशापर्यंत बरोबर असलेला पार्टही भंगारात जातो. हे मी पहिल्याच महिन्यात, माझ्याच हातून राहिलेल्या एका सहीमुळे शिकलो.

कॉलेजात टीमच नसेल तर चार जण जमवा आणि वरचे तीन प्रयोग एकत्र करा. प्राध्यापकांची सही नंतर मिळते.

पायरी ५ : मुंबईचा नकाशा ओळखा

अंतराळ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे बेंगळुरू येतं. आता मध्य रेल्वेचा नकाशा उघडा.

विक्रोळी. गोदरेजच्या कारखान्यात पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात लागणारी विकास इंजिनं बनतात, एलव्हीएम३ या इस्रोच्या सगळ्यात ताकदवान रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचंही काम होतं. पवई. लार्सन अँड टुब्रोकडे एलव्हीएम३ च्या अवाढव्य एस२०० बूस्टरच्या कवचाचे भाग झाले आहेत. पाच पीएसएलव्ही पूर्ण बनवून देण्याचं काम २०२२ मध्ये एचएएल ही सरकारी विमान कंपनी आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला मिळालं. पवईतच आयआयटी, आणि तिथल्या 'प्रथम'च्या मंडळींतून पुढे मनस्तु स्पेस ही कंपनी उभी राहिली. विषारी हायड्राझिनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारे थ्रस्टर ती बनवते. कुलाबा. टीआयएफआर ही मूलभूत संशोधन संस्था, जिथे २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेल्या अॅस्ट्रोसॅट या खगोल उपग्रहाची क्ष-किरण उपकरणं घडली. थोडं बाहेर गेलात तर इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर, जिथे रॉकेटच्या मोटर केसिंग होतात, आणि पुण्याची आयुका ही खगोल संस्था, जिथे आदित्य-एल१ या सूर्याच्या अभ्यासाच्या यानाची सूट दुर्बीण तयार झाली.

या मोठ्या नावांखाली रबाळे, वागळे इस्टेट, भांडुप इथल्या छोट्या कारखान्यांची एक फळी आहे. मशिनिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, एनडीटी (भाग न तोडता तपासणी). यांच्या पाट्यांवर 'स्पेस' लिहिलेलं नसतं. पण सहा आठवड्यांची इंटर्नशिप अशा ठिकाणी मिळते आणि तिथे हात लावायला मिळतो. मोठ्या कंपनीत तुम्हाला बहुधा प्रेझेंटेशन मिळेल. माझं मत विचाराल तर दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत छोटा कारखाना, तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मोठं नाव.

मेल कसा लिहायचा? "आय अॅम पॅशनेट अबाउट स्पेस" या ओळीने सुरू झालेला मेल आम्ही पुढे वाचत नाही. चार ओळी पुरतात : कोण, कुठल्या वर्षाला. काय बनवलं, एका आकड्यासह. त्यांच्या कामातला नेमका कुठला भाग शिकायचाय. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोकळे आहात. प्रयोगाचा दोन पानी अहवाल जोडा. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा. उन्हाळ्याच्या जागेसाठी डिसेंबरातच लिहायला लागा, एप्रिलमध्ये उशीर झालेला असतो.

इस्रोच्या केंद्रांतही विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप मिळते. राहायची सोय आणि पैसे दोन्ही स्वतःचे धरूनच बेत करा. विज्ञानाकडे ओढा असेल तर टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम बघा.

पायरी ६ : इस्रो आणि गेट

तिसरं वर्ष संपेपर्यंत ठरवा : सरकारी वाट प्रमुख, की खासगी. दोन्हींची तयारी शेवटच्या सहा महिन्यांत होत नाही.

इस्रो कधी स्वतःची लेखी परीक्षा घेते, कधी गेट या एम.टेक. प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेच्या गुणांवर मुलाखतीला बोलावते. म्हणून गेट द्याच. तो इथेही उपयोगी, एम.टेक.लाही उपयोगी, आणि तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीच्या एम.टेक.चं दारही त्यानेच उघडतं. २००७ मध्ये सुरू झालेली ही संस्था अंतराळ विभागाचीच. लेखी परीक्षेत बहुतेक प्रश्न तुमच्याच शाखेचे असतात, त्यामुळे रॉकेटवरची पुस्तकं पाठ करून काही होत नाही. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स, थर्मो, फ्लुइड्स, मशीन डिझाइन. तीच जुनी चौकडी. अलीकडच्या जाहिरातींत खुल्या गटाची वयोमर्यादा २८ आहे, म्हणजे पदवीनंतर चार-पाच प्रयत्न हातात असतात. पगार लेव्हल १० चा, मूळ वेतन ५६,१००. नेमणूक देशात कुठेही. मुंबईत राहायचंच असा हट्ट असेल तर हे आधीच घरात बोलून घ्या.

मुलाखतीत आवडता विषय विचारतात. जो सांगाल त्यावर पंचवीस-तीस मिनिटं खोदतात. एकच विषय सांगा, पण तो तळापर्यंत माहीत असू द्या.

पायरी ७ : खासगी कंपन्या

२०२० नंतर हे क्षेत्र खासगी कंपन्यांसाठी खुलं झालं, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आलं. हैदराबादच्या स्कायरूटने १८ नोव्हेंबर २०२२ ला विक्रम-एस उडवलं. चेन्नईच्या अग्निकुलने ३० मे २०२४ ला एकसंध थ्रीडी प्रिंट केलेल्या इंजिनावर आपलं पहिलं उड्डाण केलं. बेंगळुरूत पिक्सेल, बेलाट्रिक्स, दिगंतरा, गॅलॅक्सआय. हैदराबादेतच ध्रुव स्पेस.

इथे काम झपाट्याने शिकायला मिळतं, आणि पैसा कधी आटेल ते सांगता येत नाही. जॉइन होण्याआधी तीन प्रश्न निःसंकोच विचारा : तुमचं हार्डवेअर आजवर काय काय उडालंय? माझ्या वर अनुभवी माणूस कोण आहे? हातातला पैसा किती महिने पुरेल? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा चिडला तर तेच उत्तर समजा.

रेझ्युमे एका पानाचा. वर प्रयोग, खाली शिक्षण. 'टीम प्लेअर', 'क्विक लर्नर' हे शब्द काढून टाका, त्या जागेत "व्ही-डायपोलने मिटिऑरची ११ चित्रं, फिल्टर लावल्यावर नॉइज अमुक डेसिबलने कमी" असं लिहा. अर्थात खरं असेल तरच. मोजलं नसेल ते लिहिलंत, तर पॅनेलवर कुणीतरी माझ्यासारखा क्वालिटीवाला बसलेला असतो.

परदेशाचं काय

स्पेसएक्सचं नाव निघतंच. अमेरिकेत रॉकेटचं तंत्रज्ञान इटार नावाच्या शस्त्रनिर्यात नियमांत येतं. त्यामुळे तिथल्या रॉकेट कंपन्यांतल्या बहुतेक नोकऱ्या अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले यांनाच मिळतात. तिथे एम.एस. केलं म्हणून हा दरवाजा उघडत नाही. चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढायच्या आधी हे वाक्य घरच्यांसह वाचा. युरोपीय अंतराळ संस्थेतल्या नोकऱ्याही प्रामुख्याने सदस्य देशांच्या नागरिकांसाठी. मात्र डेल्फ्ट, म्युनिक, स्टुटगार्ट, तुलूझ इथलं शिक्षण उत्तम आहे, आणि युरोपातल्या खासगी कंपन्यांत व उपग्रहांच्या डेटाच्या कामात वाव मिळू शकतो. आधी इथे दोन वर्षं काम करून जाणारे तिथे जास्त टिकतात, असं मी पाहिलेल्या मुलांवरून म्हणतो.

घरी काय सांगायचं

आई-बाबा म्हणणार, आयटीत जा, निदान शनिवार-रविवार सुट्टी. वाद घालू नका. कँपसमधून मिळाली तर आयटीची ऑफर घेऊन ठेवा. फ्लाइट सॉफ्टवेअरवाल्याला एम्बेडेड सी, मेकॅनिकलवाल्याला एफईएम आणि टॉलरन्सिंग, डेटावाल्याला पायथॉन हे वाहन उद्योगात, वैद्यकीय उपकरणांत, संरक्षणात, सगळीकडे चालतं. दोन वर्षं दुसरीकडे काम करून या क्षेत्रात आलेली बरीच माणसं आमच्या शॉपफ्लोअरवर आहेत, आणि ती वेळेवर येतात.

आता या आठवड्याचं काम. शनिवारी लॅमिंग्टन रोड, पण दुपारी दोनच्या आत, नंतर गर्दी वाढते. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. घरी येऊन सळया कापा, फुटपट्टीने नाही, मेजरिंग टेपने. उपग्रहाची वेळ दाखवणाऱ्या कुठल्याही अॅपमध्ये मुंबई टाका आणि ४० अंशांच्या वर चढणारा पास, म्हणजे उपग्रहाची आकाशातली एक फेरी, निवडा. पाऊस असेल तर डोंगल आणि लॅपटॉप जिन्यात ठेवा, केबल तेवढी गच्चीवर न्या, कनेक्टरवर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळा. पहिल्या वेळी बहुधा काहीच येणार नाही. वहीत तारीख, वेळ, कोन आणि "काही आलं नाही" एवढं लिहा, आणि पुढचा पास किती वाजता आहे ते बघा.